आंघोळीचे पाणी आणि जळणाचा प्रश्न

थंड प्रदेशांत घर तापवण्यासाठी तेल जाळावे की लाकूड, हा वाद दिवाणखान्यातल्या उबेविषयी असतो. कोल्हापूर परिसरात तोच वाद न्हाणीघरात भेटतो. समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर वसलेल्या या शहरात ऐन हिवाळ्यातही पहाटेचे सरासरी तापमान १४-१५ अंश सेल्सिअसच्या खाली फारसे उतरत नाही, त्यामुळे भिंतींच्या आतली हवा तापवण्याची गरज इथल्या घरबांधणीने कधी मानलीच नाही. घरातील उष्णतेची मागणी इथे तीन ठिकाणी विभागली जाते: स्वयंपाकाची चूल, आंघोळीचे पाणी आणि बाळंतिणीची खोली. यांपैकी पहिल्या मागणीवर सरकारी योजना झाल्या, पाहण्या झाल्या आणि भरपूर लिहिलेही गेले. तिसरी प्रसंगोपात्त असते. परंतु दुसरी, म्हणजे रोज सकाळी घरातल्या प्रत्येक माणसासाठी बादलीभर पाणी तापवण्याची मागणी, तीनशे पासष्ट दिवस चालू असूनही इंधनाच्या चर्चेत जवळजवळ नोंदलीच गेलेली नाही. लाकूड की खनिज तेल या प्रश्नाचा कोल्हापूरपुरता विचार करताना ही उणीव मध्यभागी ठेवणे आवश्यक आहे.

जगाच्या पातळीवर हा प्रश्न ऐरणीवर आला तो १९७३ च्या तेलसंकटाने. तेलाचे भाव काही महिन्यांत अनेक पटींनी वाढल्यावर युरोप-अमेरिकेतील अनेक कुटुंबे पुन्हा लाकडाच्या शेगड्यांकडे वळली, स्वीडनसारख्या देशाने पुढील काही दशकांत गावोगावच्या सामायिक तापनव्यवस्था तेलावरून लाकडाच्या भुशावर आणि फांद्यांवर आणल्या, तर नॉर्वेने १ जानेवारी २०२० पासून इमारती तापवण्यासाठी खनिज तेल जाळण्यावर बंदीच घातली. मात्र त्याच काळात, १९७५ साली, एरिक एकहोम या अमेरिकी अभ्यासकाने दुसऱ्या ऊर्जासंकटाकडे लक्ष वेधले होते, ते म्हणजे गरीब देशांतील सरपणाच्या टंचाईकडे. श्रीमंत देश तेलाकडून लाकडाकडे जाण्याचा विचार करत असताना भारतासारख्या देशाचे धोरण लाकडाकडून तेलाकडे, म्हणजे रॉकेलकडे आणि पुढे गॅसकडे, जात होते. या दोन उलट दिशांमुळे एका ठिकाणचा निष्कर्ष दुसऱ्या ठिकाणी जसाच्या तसा लावता येत नाही.

कोल्हापुरात 'जळण' हा शब्द ज्या वस्तूंना लावला जातो त्यांत लाकूड ही केवळ एक आहे. जिल्ह्याच्या पश्चिमेकडील शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा आणि चंदगड हे तालुके सह्याद्रीच्या कुशीतले, भरपूर पावसाचे आणि झाडीचे. तेथे ऐन, किंजळ, जांभूळ यांच्या वाळलेल्या फांद्या आणि काजू-आंब्याची छाटणी हे मुख्य सरपण. पूर्वेकडील शिरोळ आणि हातकणंगले हे उसाचे, नदीकाठच्या काळ्या जमिनीचे तालुके. तेथे बांधावरची बाभूळ आणि सुबाभूळ सोडली तर लाकूड कमी, पण शेणी, उसाची चिपाडे, तुरीच्या काड्या आणि नारळाच्या करवंट्या मुबलक. (पुण्याकडे ज्यांना गोवऱ्या म्हणतात त्यांना कोल्हापुरात शेणी म्हणतात.) पश्चिमेकडे पाऊस चार महिने खंड न पडता कोसळतो, म्हणून उन्हाळ्यातच जळणाची बेगमी करून ती माळ्यावर किंवा पडवीत रचून ठेवावी लागते, ही बेगमी करणारे हात बहुतांशी स्त्रियांचे असतात आणि 'लाकूड फुकट मिळते' या विधानात त्या हातांची मजुरी शून्य धरलेली असते.

या फुकटच्या जळणाला पहिला मोठा पर्याय रॉकेलने दिला. पंपाचा स्टोव्ह आणि वातीचा स्टोव्ह यांनी शहरातल्या चाळींतून आणि पेठांतून चुलीला बाजूला सारले, आणि शिधापत्रिकेवर मिळणारे रॉकेल हे मध्यम व गरीब कुटुंबांच्या महिन्याच्या हिशेबातले पक्के कलम झाले. परंतु स्वस्त दराचे रॉकेल आणि महाग डिझेल यांच्या किमतींतील दरीमुळे भेसळीचा मोठा काळा व्यवहार उभा राहिला. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ अशा भेसळीची तपासणी करायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले, तेव्हा या व्यवस्थेचे खरे रूप साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. पुढे केंद्राने रॉकेलवरील अनुदान टप्प्याटप्प्याने कमी करत मार्च २०२० पासून ते पूर्णपणे संपवले. रॉकेल जाण्याचे दुःख करण्याचे कारण नाही, कारण ते धूर, दर्प आणि भाजण्याचे अपघात घेऊनच घरात येत असे. परंतु ज्या घरांत ते प्रामुख्याने पाणी तापवण्यासाठी किंवा ओले लाकूड पेटवण्यासाठी वापरले जाई, तेथे त्याची जागा कशाने भरून निघाली हे पाहणे धोरणकर्त्यांना महत्त्वाचे वाटले नाही. ती जागा बहुतेक ठिकाणी पुन्हा सरपणानेच घेतली.

पाणी तापवण्याच्या साधनांपैकी बंब हे महाराष्ट्रातील घराघरांत रुजलेले आणि रचनेने खरोखर शहाणपणाचे साधन आहे. तांब्याच्या उभ्या नळकांड्यासारख्या भांड्याच्या मधोमध एक पोकळ नळी असते, तिच्या तळाशी जाळी आणि राख पडण्याची जागा असते, वरून जळण टाकायचे आणि नळीभोवतीच्या पोकळीत पाणी भरायचे. जाळ पाण्याच्या आतून जातो, पाणी जाळाला चहूबाजूंनी वेढते, आणि तांबे उष्णता झटपट वाहून नेते. उलट तीन दगडांच्या चुलीवर ठेवलेल्या हंड्याच्या केवळ बुडालाच जाळ लागतो आणि बरीचशी उष्णता बाजूंनी निसटते. इंधनातील एकूण उष्णतेपैकी जितका भाग प्रत्यक्ष कामाला लागतो त्याला कार्यक्षमता म्हणतात. साध्या चुलीची कार्यक्षमता १० ते १५ टक्क्यांच्या आसपास मानली जाते. चांगल्या बंबाची ती याच्या दुप्पट धरणे अवाजवी होणार नाही.

हा फरक आकड्यांत मांडला तर त्याचे महत्त्व कळते. एक लीटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. पाच माणसांच्या कुटुंबाला प्रत्येकी वीस लीटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापवायचे असेल तर रोज २५०० किलोकॅलरी हव्यात. वाळलेल्या लाकडातून किलोमागे साधारण ३५०० किलोकॅलरी मिळतात. त्यामुळे १५ टक्के कार्यक्षमतेच्या चुलीला या कामासाठी रोज सुमारे पावणेपाच किलो लाकूड लागते, तर ३० टक्के कार्यक्षमतेच्या बंबाला अडीच किलोही पुरेसे होते. वर्षाचा हिशेब केला तर चुलीवरचे आंघोळीचे पाणी पावणेदोन टन लाकूड खाते आणि बंबावरचे त्याच्या निम्मे. हेच काम रॉकेलवर करायचे तर स्टोव्हची कार्यक्षमता ५० टक्के धरून रोज सुमारे ६०० मिलिलीटर तेल लागले असते, म्हणजे महिन्याला अठरा लीटर. शिधापत्रिकेवरच्या कोट्यात हे कधीच बसणारे नव्हते. गॅसवर ते रोज चारशे ग्रॅमच्या आतबाहेर जाते, म्हणजे १४.२ किलोची एक टाकी केवळ आंघोळीवर पाच-सव्वापाच आठवड्यांत रिकामी होते. विजेवर सुमारे तीन युनिट. गॅसजोडणी असलेली असंख्य ग्रामीण घरे मागच्या दारी चूल किंवा बंब का पेटवतात याचे उत्तर या साध्या हिशेबात आहे, आणि त्याला सवय किंवा अज्ञान असे नाव देणे अन्यायाचे आहे.

अर्थात हा हिशेब वाळलेल्या लाकडाचा आहे. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मे पाणीच असते. ते वाफ होऊन निघून जाण्यासाठी किलोमागे सहाशेच्या आसपास किलोकॅलरी खर्च होतात, आणि एवढ्या ओलाव्यामुळे जाळ थंड पडून लाकडातले वायू पुरते पेट घेत नाहीत. या स्थितीला अपूर्ण ज्वलन म्हणतात. धूर, काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड ही त्याची अपत्ये होत. ओले सरपण हे कमी उष्णतेचे आणि अधिक धुराचे, असे दुहेरी नुकसान आहे. इंग्लंडने मे २०२१ पासून किरकोळ प्रमाणात ओल्या लाकडाच्या विक्रीवर निर्बंध आणले त्यामागे हेच कारण होते. गगनबावड्यासारख्या ठिकाणी जुलैमध्ये कोरडे लाकूड मिळणे हे उन्हाळ्यातल्या बेगमीवर आणि कोरड्या छपरावर अवलंबून असते, म्हणजे शेवटी घराच्या ऐपतीवर. ज्या घराला पडवी नाही त्याला धूर जास्त.

धुराच्या अपायाविषयी आता शंका घेण्यासारखे काही उरलेले नाही. कर्क स्मिथ या शास्त्रज्ञाने १९८० च्या दशकाच्या आरंभी गुजरातमधील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासात जाणाऱ्या धुराची मोजमापे घेतली, आणि तेव्हापासून या विषयाला शास्त्राचा पाया मिळाला. केसाच्या जाडीच्या काही शतांशाइतके बारीक असलेले सूक्ष्म धूलिकण फुफ्फुसांच्या तळाशी जाऊन बसतात. त्यांचे वार्षिक सरासरी प्रमाण घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ठरवले, आणि घरातील धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभर सुमारे ३२ लाख मृत्यू झाल्याचा तिचा अंदाज आहे. मात्र स्वयंपाकाच्या चुलीचा धूर आणि न्हाणीघराच्या बंबाचा धूर यांत एक भेद करावा लागतो. स्वयंपाक करणारी स्त्री तास-दोन तास चुलीसमोर बसलेली असते, तर बंब पेटवून माणूस बाजूला होऊ शकतो आणि तो बहुधा परसात किंवा आडोशाला असतो. तो धूर शेजारच्या खिडकीतून आत येतो, गल्लीच्या हवेत मिसळतो, म्हणून तो निरुपद्रवी नव्हे. तरीही दोहोंना एकच मोजपट्टी लावली की प्राधान्यक्रम चुकतो.

घरातील उष्णतेच्या तीन मागण्यांपैकी सर्वांत धोक्याची आहे ती तिसरी, म्हणजे बाळंतिणीच्या खोलीची. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून शेक देणे आणि ओवा-शेपांची धुरी देणे ही जुनी रीत आहे, आणि थंडी-पावसात आई व बाळाला ऊब हवी हे तिच्यामागचे कारण खरे आहे. परंतु दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत धुमसणारे निखारे कार्बन मोनॉक्साइड सोडतात. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातील प्राणवायूची जागा घेतो. धूर दिसत नाही म्हणून निखारे निर्धोक, ही समजूत जीवघेणी आहे. बंद खोलीतील शेगडीला कोणताही अपवाद न ठेवता नकार दिला पाहिजे. ऊब द्यायची ती बाहेर तापवलेल्या पाण्याच्या पिशवीने आणि पांघरुणांनी द्यावी.

लाकूड सोडता येत नसेल तर चूल सुधारावी, हा विचार भारतात १९८३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमाने देशभर नेला आणि २००२ मध्ये तो कार्यक्रम आवरता घेतला गेला. महाराष्ट्रात 'लक्ष्मी' नावाची, दोन भांड्यांची आणि धुराडे असलेली चूल या काळात परिचित झाली. पुण्याच्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या 'आरती'ने, अशा चुलींवर दीर्घकाळ काम केले. कार्यक्रमाचे अपयश चुलीच्या आराखड्यापेक्षा देखभालीत होते, कारण अनुदानावर बसवलेल्या चुलीचे धुराडे तुंबले की ते साफ करायला कोणी नसे आणि गृहिणी पुन्हा जुन्या चुलीकडे वळे. या साऱ्या प्रयत्नांचे लक्ष स्वयंपाकावर होते. बंबाची जाळी, हवेचा झोत, वरचे झाकण यांत सुधारणा करून त्याचे जळण आणखी घटवण्याचे काम मात्र तांबट आणि पत्र्याचे कारागीर यांच्या हस्तकौशल्यावर सोडून दिले गेले.

नंतर आला गॅस. १ मे २०१६ रोजी बलिया येथे सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतील आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी औरंगाबाद येथे देण्यात आली, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणाऱ्या महाराष्ट्रातील कुटुंबांचे प्रमाण २०१५-१६ मधील ५९.९ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ७९.७ टक्क्यांवर गेले. देशाची सरासरी तेव्हा ५८.६ टक्के होती. हे यश मोठे आहे आणि ते प्रामुख्याने स्त्रियांच्या फुफ्फुसांचे यश आहे. परंतु जोडणी मिळणे आणि टाकी भरून घेणे या दोन गोष्टी आहेत. २०२३ च्या आरंभी टाकीचा भाव अकराशे रुपयांच्या वर गेला होता, आणि महाराष्ट्र शासनाला २०२४ मध्ये अन्नपूर्णा योजनेखाली वर्षाला तीन टाक्या मोफत देण्याचा निर्णय घ्यावा लागला तो याच कारणाने. शिवाय देशाला लागणाऱ्या या गॅसपैकी निम्म्याहून अधिक आयात होतो, तेव्हा लाकडाकडून गॅसकडे जाणे हेही एका अर्थी परदेशी तेलाकडेच जाणे आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस पाण्याखाली राहून कोल्हापूरचा इंधनपुरवठा तुटला, तेव्हा एकाच इंधनावर सारा संसार टाकण्यातला धोकाही स्पष्ट झाला. आणि त्याच पुरात नदीकाठच्या गावांतील शेणी व सरपणही भिजून गेले, हे विसरून चालणार नाही.

लाकूड पुन्हा उगवते म्हणून ते निर्दोष, हा युक्तिवाद कोल्हापुरात तपासून घ्यावा लागतो. राधानगरीचे अभयारण्य १९५८ मध्ये, तेव्हाच्या दाजीपूर या नावाने, राज्यातील पहिले अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचा समावेश झाला. या जंगलातले ऐन किंवा जांभूळ तोडून पाणी तापवले तर हवेत गेलेला कार्बन पुन्हा झाडात बांधला जायला काही दशके लागतात, आणि तोडलेल्या झाडाबरोबर गेलेली ओल आणि सावली तर आणखी उशिरा परत येते. खाली पडलेल्या वाळक्या फांद्या वेचणे आणि उभे झाड तोडणे यांतला फरक जंगलालगतच्या बायांना चांगला ठाऊक असतो. खरा भार वखारींतून शहराकडे, वीटभट्ट्यांकडे आणि बॉयलरकडे जाणाऱ्या लाकडाचा असतो, पण बोल बहुधा मोळीलाच लागतो.

उलट दर वर्षी उगवणाऱ्या आणि दर वर्षी टाकून दिल्या जाणाऱ्या जळणाचा हिशेब वेगळा आहे, आणि तो या जिल्ह्याला गुऱ्हाळाने फार पूर्वीच शिकवला आहे. शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेल्या शाहूपुरीच्या गूळ बाजारपेठेमागे जी गुऱ्हाळघरे उभी राहिली ती काहिलीखालच्या चुलवाणात त्याच उसाची वाळवलेली चिपाडे जाळत आली. रस देणारा ऊसच रस आटवण्याचे इंधन देतो, बाहेरचे लाकूड फारसे लागत नाही. उसाचा पाला, म्हणजे पाचट, हे मात्र अजूनही ठिकठिकाणी शेतातच पेटवले जाते. 'आरती'ने या पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या बनवण्याचे तंत्र विकसित केले आणि त्यासाठी २००२ मध्ये तिला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. तरीही पाचटाचा पहिला हक्क जमिनीचा आहे, कारण खोडव्यात त्याचे आच्छादन केले तर ओल टिकते आणि मातीत सेंद्रिय कर्ब वाढतो. जळणासाठी ते न्यायचे असेल तर जे अन्यथा फडातच जळणार होते तेवढेच न्यावे.

शेणाचेही असेच आहे. कोल्हापूर हा म्हशींचा जिल्हा. पंचगंगा स्मशानभूमीत अंत्यसंस्कार शेणींवर होतात आणि त्यासाठी नागरिक शेणी दान करतात, ही या शहराची लाकूड वाचवणारी, अभिमान वाटावी अशी रीत आहे. पण घरच्या जळणासाठी शेण थापून जाळणे म्हणजे खत आणि उष्णता दोन्ही वाया घालवणे, म्हणून ते हवाबंद टाकीत कुजवून वायू घ्यावा व उरलेली मळी शेतात घालावी, हा गोबरगॅसचा विचार पुढे आला. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात १८९७ साली सांडपाण्यातून मिळालेल्या अशा वायूवर दिवे लावले गेले होते, आणि १९८१-८२ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात कोल्हापूर जिल्ह्याने बायोगॅस संयंत्रे मोठ्या प्रमाणावर बसवली. खादी आयोगाच्या हिशेबाने एक घनमीटर बायोगॅस साडेतीन किलो सरपणाचे किंवा ०.६२ लीटर रॉकेलचे काम करतो. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नास किलो शेण लागते आणि त्यावर पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो. पण त्यावर आंघोळीचे पाणीही तापवायचे म्हटले तर वरच्या हिशेबाप्रमाणे आणखी सुमारे सव्वा घनमीटर वायू लागेल, म्हणजे आणखी दोन जनावरे. गोबरगॅस असलेल्या घरातही बंब पेटलेला दिसतो तो याच तुटीमुळे.

ही तूट भरून काढण्याचे सर्वांत सरळ साधन छपरावर आहे. पाणी ४५ अंशांपर्यंत नेण्यासाठी जाळाची गरजच नाही. एवढी उष्णता सौर बंब आठ महिने सहज देतो, आणि शंभर लीटरचा संच पाच माणसांना पुरतो. पावसाळ्यात, विशेषतः घाटमाथ्याच्या तालुक्यांत, तो निरुपयोगी ठरतो, आणि पन्हाळी कौलांच्या जुन्या घरांवर तो बसवणेही अवघड असते. त्या चार महिन्यांसाठी कोरड्या चिपाडांवर, करवंट्यांवर आणि छाटणीच्या फांद्यांवर चालणारा तांब्याचा बंब ठेवण्यात गैर काही नाही. तेल आणि लाकूड यांतून एकाची निवड करण्याऐवजी स्वयंपाकाला गॅस किंवा बायोगॅस, आंघोळीला ऊन, आणि पावसाळ्यापुरते शेतातले कोरडे जळण, अशी कामांची वाटणी या जिल्ह्याला अधिक शोभणारी आहे.

त्यासाठी आधी मोजले पाहिजे. २०११ च्या जनगणनेने आणि कुटुंब आरोग्य पाहणीने विचारले ते स्वयंपाकाचे इंधन कोणते एवढेच. आंघोळीचे पाणी कशावर तापते हा प्रश्न त्यांच्या तक्त्यात नव्हता, आणि म्हणून 'स्वच्छ इंधन' वापरणाऱ्या घराच्या परसातला धूर कोणत्याही आकड्यात आला नाही. शिवाजी विद्यापीठाच्या भूगोल आणि पर्यावरण विभागांनी, जिल्हा परिषदेच्या मदतीने, बारा तालुक्यांतील निवडक गावांत उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा अशा तिन्ही ऋतूंत घरोघरचे पाणी तापवण्याचे जळण प्रत्यक्ष तराजूवर तोलावे, ही त्यांना विनंती आहे.